इफ्फीसाठी पणजीला जाताना: ठाणेकरांनी मांडवी ओलांडण्यापूर्वी वाचावे असे काही

भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, म्हणजे सगळे ज्याला इफ्फी म्हणतात त्याला, निघण्यापूर्वी ठाण्यातल्या अनुभवी मंडळींनी मला एकच गोष्ट ठासून सांगितली होती: पणजीत सगळी चित्रपटगृहे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, वाहनाची गरजच पडत नाही. ही माहिती अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागापायी माझे दोन चित्रपट हुकले आणि टॅक्सीवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात एका रात्रीची खोली सहज मिळाली असती. आपल्याकडून दरवर्षी बरेच जण जातात, त्यांची तरी अशी फसगत होऊ नये.

आधी खरे ते सांगते. महोत्सवाचे हृदय म्हणजे दयानंद बांदोडकर मार्गावरची जुनी गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, इमारत. १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणाऱ्या या वास्तूच्या आवारात आज महोत्सवाच्या आयोजनात असलेल्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाचे कार्यालय आहे, तिला लागूनच मॅकेनिझ पॅलेस आणि आयनॉक्सचे चार पडदे आहेत, आणि मांडवीच्या कडेने थोडे चालत गेले की चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी लागते. १९५२ साली मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो आणि नोव्हेंबरच्या २० ते २८ या तारखा आता जवळपास ठरून गेल्या आहेत. एवढ्या टापूत फिरायला खरोखरच पायांशिवाय काही लागत नाही.

मात्र महोत्सव आता एवढ्या टापूत मावत नाही. खेळांचे वेळापत्रक हाती आले की चित्रपटाच्या नावाआधी पडद्याचे नाव वाचा, कारण त्यातले बरेच खेळ मांडवीपलीकडे पर्वरीच्या मॉल द गोवामधल्या आयनॉक्सला असतात. नकाशावर हे अंतर सहा-सात किलोमीटर दिसते आणि आपल्याला वाटते की ठाणे स्टेशन ते माजिवडा अशीच ही ये-जा असेल. प्रत्यक्षात वाटेत मांडवीचा पूल आहे, संध्याकाळी नदीकाठच्या कॅसिनोंकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग आहे, आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे, म्हणजे पनवेलहून निघणारा आपला तोच मुंबई-गोवा महामार्ग. पर्वरीत या महामार्गावर उड्डाणपुलाचे काम सुरू असताना मी गेले होते. वाहतूक वळवलेली, धूळ उडालेली, आणि बस एकेका वळणावर इतकी रेंगाळत होती की उतरून चालत गेले असते तर लवकर पोहोचले असते असे वाटावे. दोन खेळांमध्ये पाऊण तास मोकळा असूनही मी पोहोचले तेव्हा सभागृहाचे दार बंद झाले होते आणि आरक्षित खुर्ची बाहेरच्या रांगेतल्या कोणाला तरी मिळून गेली होती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की दोन चित्रपटांच्या मध्ये मांडवी ओलांडूच नये. पर्वरीचा चित्रपट पाहायचाच असेल तर तो दिवसातला पहिला ठेवा, किंवा एक पूर्ण दिवस पर्वरीलाच द्या. रात्रीचा शेवटचा खेळ तिकडे मुळीच घेऊ नका. परत येताना बस मिळेल याचा भरवसा नसतो आणि त्या वेळी टॅक्सीवाला जो आकडा सांगेल तोच दर असतो. पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल, एकट्या माणसाला स्वस्त पडते, पण मांडवीवरच्या नव्या पुलावर, म्हणजे गोव्यातल्या अटल सेतूवर, दुचाकींना बंदी असल्याने तीही जुन्या पुलावरच्या कोंडीतूनच जाते.

टॅक्सीचा विषय निघालाच आहे तर करमळी स्टेशनाचेही सांगते. पणजीला सर्वांत जवळचे स्टेशन हेच, अंतर बारा किलोमीटरच्या आसपास. बाहेर उभ्या असलेल्या चालकाने माझ्याकडची बॅग पाहिली, गळ्यातली महोत्सवाची जुनी फीत पाहिली आणि हजार रुपये सांगितले. मीटरचे विचारल्यावर शांतपणे म्हणाला, ‘‘हांगा मीटर ना, बाये.’’ ठाण्यात रिक्षावाल्याने मीटर टाकला नाही तर आपण निदान भांडू शकतो. इथे भांडायला दुसरी गाडी समोर असावी लागते आणि ती नव्हती. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवा माइल्स हे अॅप आहे, ते ठाण्याहून निघण्यापूर्वीच फोनमध्ये घेऊन ठेवा, मात्र स्टेशनाच्या दारात त्याची गाडी येईलच असे धरून चालू नका. सामान पाठीवर मावत असेल तर दोनेक किलोमीटर चालून जुन्या गोव्याच्या गांधी सर्कलला या आणि पणजीची बस पकडा. भाडे इतके थोडे आहे की टॅक्सीचा आकडा आठवून राग येतो. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताच्या नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, त्यामुळे त्यानंतर पोहोचणाऱ्यांनी या रस्त्यावरची गर्दी लक्षात घेऊन वेळ धरावा.

रेल्वेगाडीचे आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडते, तेव्हा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. कोकणकन्या रात्री ठाण्याला थांबते आणि सकाळी पोहोचवते. प्रवासाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

राहण्यासाठी पणजीतल्या १८ जून मार्गाच्या आजूबाजूची साधी खोली कळंगुटच्या समुद्रकाठच्या खोलीपेक्षा शंभर पटींनी सोयीची आहे. समुद्र पाहायचा असेल तर वेगळी सुट्टी काढा. चित्रपट पाहायला आलेल्या माणसाला सकाळी नवाला रांगेत उभे राहायचे असते आणि कळंगुटहून यायचे म्हणजे पुन्हा तीच पर्वरी, तोच पूल.

खुर्चीचे आरक्षण फोनवर होते आणि गाजलेले चित्रपट काही मिनिटांत भरतात. तरीही निराश होऊन परत फिरू नका. आरक्षण नसलेल्यांची वेगळी रांग असते आणि रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या तिला दिल्या जातात. मॅकेनिझ पॅलेसच्या या रांगेत माझ्यापुढे डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्याकडे वेळापत्रकाची छापील प्रत होती, प्रत्येक चित्रपटापुढे पेन्सिलीने देश आणि लांबी लिहिलेली, आणि पर्वरीच्या सगळ्या ओळींवर सरळ काट मारलेली. त्यांच्यामागून आत शिरले आणि इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागातला एक छोटा चित्रपट पाहिला, ज्याचे नाव मी आधी ऐकलेलेही नव्हते. चित्रपट संपल्यावर दिग्दर्शिका पडद्यासमोर आली, प्रेक्षकांनी तिला पुढच्या खेळाची वेळ होईपर्यंत सोडले नाही, आणि त्या अर्ध्या तासात पर्वरीच्या रस्त्यावरचा सगळा शीण उतरला. सुवर्ण मयूर या महोत्सवाच्या सर्वोच्च पुरस्काराच्या स्पर्धेतल्या नावाजलेल्या चित्रपटांमागे धावण्यापेक्षा पॅनोरमातले दुपारचे खेळ धरा, असे मी आता कोणालाही बेधडक सांगेन. नावाजलेले चित्रपट वर्षभरात कुठे ना कुठे पाहायला मिळतात, हे मात्र क्वचितच मिळतात.

फिल्म बाजारमध्ये, म्हणजे महोत्सवासोबत भरणाऱ्या चित्रपट व्यावसायिकांच्या बाजारात, साध्या डेलिगेट पासवर (प्रेक्षक म्हणून नोंदणी केल्यावर मिळणाऱ्या पासवर) प्रवेश मिळत नाही. त्याची नोंदणी वेगळी असते, तेव्हा कोणी ‘‘पासवर सगळीकडे जाता येते’’ असे सांगितले तर त्यावर विसंबू नका. फोनवरचा क्यूआर कोड दारोदारी दाखवावा लागतो, म्हणून पॉवर बँक खिशातच ठेवा. मोठी बॅग खोलीवर ठेवून या. तपासणीच्या रांगेत ती उघडून दाखवेपर्यंत मागचे वीस जण पुढे निघून जातात.

ज्यांना एवढी धावपळ नको आहे त्यांच्यासाठी पणजीतच पावसाळ्याच्या दिवसांत भरणारा गोवा मराठी चित्रपट महोत्सव अधिक बरा. चित्रपट आपल्या भाषेतले आणि पसारा आटोपशीर. फक्त कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, गाड्या हळू धावतात, त्यामुळे पोहोचल्या दिवशीचा पहिला खेळ धरू नका.

परतीची कोकणकन्या संध्याकाळी निघून पहाटे ठाण्याला सोडते. शेवटच्या दिवसाचा समारोप पाहायचा असेल तर ती गाडी मिळणार नाही. माझ्या मते समारोप सोडावा, दुपारपर्यंत आयनॉक्सला बसावे आणि करमळीला जाण्यासाठी चारच्या आत बस स्टँड गाठावे.