१५ जानेवारी आणि २० पौंड

आज १५ जानेवारी. नायजेरियात हा सैनिकांचा स्मृतिदिन. इग्बो समाजाचं प्राबल्य असलेला बियाफ्रा १९६७ मध्ये नायजेरियातून फुटून निघाला आणि युद्ध पेटलं; १९७० साली याच दिवशी त्याने रीतसर शरणागती पत्करली. दिवसभर मनात इग्बो घरांचाच विचार आहे. नायजेरियाचे तेव्हाचे लष्करी शासक जनरल गोवॉन म्हणाले होते, कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. पण पैशाचा हिशेब वेगळंच सांगतो. बियाफ्राच्या नोटा रद्दी झाल्या. बँकेत कितीही शिल्लक असो, खातेदाराच्या हातावर २० पौंड टेकवले. पोर्ट हार्कोर्ट शहरातली इग्बोंची घरं ‘बेवारस मालमत्ता’ ठरली. १९७२ मध्ये परदेशी कंपन्यांचे समभाग नायजेरियन लोकांसाठी खुले झाले, तेव्हा इग्बोंकडे ते घ्यायला भांडवलच उरलं नव्हतं. म्हणून युद्धातल्या उपासमारीच्या आठवणींसोबत हे २० पौंडही नातवंडांपर्यंत पोचलेत.

असाबा या इग्बो गावाची जखम याहून खोल. ऑक्टोबर १९६७ मध्ये तिथले लोक ‘अक्वा ओचा’ ही पारंपरिक पांढरी वस्त्रं नेसून, नाचत नायजेरियाच्या सैन्याच्या स्वागताला निघाले. सैनिकांनी पुरुष आणि मुलगे वेगळे काढून त्यांना गोळ्या घातल्या. शेकडो गेले, कित्येकांना एकाच खड्ड्यात पुरावं लागलं. इग्बो श्रद्धेनुसार उत्तरक्रिया नीट झाल्याशिवाय मृताला पूर्वजांमध्ये जागा मिळत नाही. ती राहिलीच, त्यामुळे त्या घरांतलं सुतक फिटलेलं नाही.