उतरता आलेख आणि मोहिमेबाहेरची रुग्णालये

इंग्लंडमध्ये मी ज्या आयसीयूत परिचारिका आहे, तिथे सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेले रुग्ण रोज मोजावे लागतात, कारण रक्तातील जंतुसंसर्गाचे प्रमाण १००० लाइन-दिवसांमागे काढले जाते (एका रुग्णाला एक दिवस लाइन असली, की एक लाइन-दिवस). भिंतीवरचा आलेख उतरताना पाहिला की मनापासून आनंद होतो. पण तो सुधारणा मोहिमेमुळेच उतरला, असे म्हणण्यापूर्वी किती गोष्टी तपासाव्या लागतात, हे मला इथे शिकायला मिळाले.

२००९ ते २०११ दरम्यान इथे सेंट्रल लाइनमुळे होणारे रक्तसंसर्ग कमी करण्यासाठी ‘मॅचिंग मिशिगन’ ही मोहीम झाली. प्रौढांच्या आयसीयूंमध्ये हे प्रमाण ३.७ वरून १.४८ वर आले. मात्र आयसीयू गटागटाने सामील होत होते, आणि ज्यांची पाळी नंतर आली त्यांचे प्रमाण प्रशिक्षणाआधीच घटलेले आढळले.

त्याआधीच्या ‘सेफर पेशंट्स इनिशिएटिव्ह’ या रुग्णसुरक्षेच्या मोहिमेचे मूल्यमापन मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात मोहिमेबाहेरच्या रुग्णालयांचीही त्याच काळातली माहिती गोळा केली होती. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की हात धुण्याच्या साहित्याचा वापर वाढला होता, एमआरएसए (अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू) आणि सी. डिफिसिल (जुलाब घडवणारा आतड्यांतला जंतू) यांचा संसर्ग कमी झाला होता, पण दोन्हीकडे. मोहीम चालू होती त्याच काळात एमआरएसएचा रक्तसंसर्ग २००८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य इंग्लंडमधील एनएचएसपुढे (सरकारी आरोग्यसेवेपुढे) होते, त्यामुळे मोहिमेबाहेरची रुग्णालयेही हातावर हात ठेवून बसली नव्हती. रुग्णांचे भले झाले, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्याचे श्रेय एका मोहिमेला देता येत नाही.

शिवाय आकडा तयार कसा होतो, तेही पाहिले पाहिजे. ताप चढलेल्या रुग्णाचे रक्त बाटल्यांत भरून कल्चरला (जंतू वाढतात का, हे पाहण्याच्या तपासणीला) पाठवले, तरच संसर्ग हिशेबात येतो. रात्रपाळीला माणसे कमी असताना ते घ्यायचे राहून गेले, तर आलेखावर तो रुग्ण सुरक्षितच दिसतो.

पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठीच्या ‘एपॉक’ चाचणीत ९३ रुग्णालयांत सुधारणा कधी सुरू करायची, याचा क्रम यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, ठरवला होता. ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुधारणेपूर्वी आणि नंतरही १६ टक्केच राहिले. हे वाचून मला वाईट वाटले, तरी असा प्रामाणिक निकाल हाती असणे मला गरजेचे वाटते.

आमच्याकडे लवकरच नवी मोहीम सुरू होत आहे. त्यात नसलेल्या वॉर्डांचे आकडेही आजपासूनच नोंदवावेत, अशी लेखी विनंती मी केली आहे.