मी वेऱ्याच्या केसेस घ्यायला लागले तेव्हा

वकिलीची पहिली दोन वर्षं मी बडोद्याच्या न्यायमंदिरात चेक परतल्याच्या केसेसमध्ये तारखा घेत होते. मिळकत वेरा, म्हणजे महापालिकेचा मालमत्ता कर, हातात आला तो दांडिया बाजारातल्या एका आजींमुळे. त्यांच्या वाड्याचा तळमजला आकारणीत भाड्याचं दुकान म्हणून चढलेला होता.

"अगं, भाडेकरू जाऊन सात वर्षं झाली. शटर गंजलंय. आत मी गाद्या ठेवते."

भाडेकरू गेल्याचं लेखी कळवायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दोन रात्री बसून मी अपील लिहिलं. सीनियरांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "वांधा अर्जी कुठाय?" म्हणजे आकारणीवरची हरकत; ती मी केलीच नव्हती. त्यांनी जीपीएमसी कायद्याचं, म्हणजे गुजरातच्या महापालिका कायद्याचं, 406 कलम समोर ठेवलं. आकारणीवर आधी कमिशनरकडे तक्रार, तिचा निकाल लागला की 15 दिवसांत अपील, आणि बिल आलेलं असेल तर मागितलेली रक्कम भरूनच. फारच ओढाताण होत असेल तर न्यायाधीश सूट देतात, पण 25 टक्क्यांपर्यंतच. ही अट सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली अनंत मिल्सच्या खटल्यात कायम ठेवली. निकाल मी मानते. तरी पेन्शनवर जगणाऱ्या बाईला "आधी भरा, मग दाद मागा" म्हणताना मला आजही जड जातं.

वांधा अर्जीसाठी मी टेप घेऊन वाड्यात गेले. वेरा कार्पेट एरियावर लागतो, म्हणजे भिंती सोडून आतल्या जागेवर. जमिनीचा भाव, बांधकामाचं वय, वापर, मालक राहतो की भाडेकरू, यांवर तो कमीजास्त होतो. आजोबांनी पूर्वी फॉर्म भरताना माप बाहेरून घेतलं होतं, आणि त्या वाड्याच्या भिंती पावणेदोन फूट जाड! आजींनी टेपचं टोक धरलं. दर खोलीत त्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि मी आकडा म्हटला की तोच पुन्हा मोठ्याने म्हणायच्या. माजघराशी आल्यावर म्हणाल्या, "ह्यांनी एवढं कधी मोजलं नाही हो." त्या दिवशी मला हे काम मनापासून आवडलं.

अर्जीत दुकान आकारणीतून निघालं, मापाचा मुद्दा राहिला. निकालाच्या दिवसापासून मी बोटांवर दिवस मोजत होते. आजींनी फिक्स्ड मोडून रक्कम भरली आणि तेराव्या दिवशी अपील दाखल झालं. पुढे तारखा पडत राहिल्या. शेवटी फेरमोजणीत आमचे आकडे जुळले, आकारणी उतरली आणि जादा भरलेले पैसे पुढच्या बिलांत वळते झाले.

आता पक्षकार आला की मी आधी कागदावरची तारीख बघते. मग विचारते, घर बघायला कधी येऊ?