तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगलचा गेन किती ठेवावा?

गुहागरपासून मालवणपर्यंतचे नवे हॅम (हौशी रेडिओवाले) मित्र मला वारंवार विचारतात, "काका, एफटी८ ऐकायला तुमच्या एसडीआरच्या सेटिंग काय आहेत? तेवढे आकडे पाठवा ना." (एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, एफटी८ म्हणजे क्षीण संकेतांतूनही छोटे संदेश पोचवणारी डिजिटल पद्धत, आणि गेन म्हणजे आलेला संकेत किती वाढवायचा ते.) आकडे पाठवायला माझी काहीच हरकत नाही, पण ते वेंगुर्ल्यात दोन माडांमध्ये ताणलेल्या माझ्या तारेचे आहेत आणि चिपळूणच्या भर बाजारपेठेतील गच्चीवर ते लागू पडण्याची शक्यता फार कमी. म्हणून आपापला आकडा कसा काढावा ते लिहितो. हे सारे ग्रहणापुरते आहे. प्रक्षेपणाचा विचार परवाना हाती आल्यावर.

आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात आरटीएल-एसडीआर डोंगलने, म्हणजे संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणाऱ्या छोट्या रिसीव्हरने होते. त्यातील एडीसी, म्हणजे संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग, अवघ्या ८ बिटांचा असतो, म्हणजे सर्वांत प्रबळ आणि सर्वांत क्षीण संकेत एकाच वेळी सामावून घेण्याची त्याची जागा मुळातच तोकडी, सुमारे ५० डेसिबल. दुसरीकडे जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेली एफटी८ पद्धत २५०० हर्ट्झमधील गोंगाटाच्या सुमारे २० डेसिबल खाली दबलेला संकेतही उलगडते. गेनचे महत्त्व या दोन गोष्टींच्या मधल्या ओढाताणीत आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी गेनची पट्टी शेवटपर्यंत, ४९.६ डेसिबलवर नेऊन ठेवली होती. वॉटरफॉल (पडद्यावरचे संकेतांचे सरकते चित्र) उजळून निघायचा, आणि डीकोड (उलगडलेले संदेश) मात्र प्रत्येक फेरीत पाच-सहाच मिळायचे. पट्टी निम्म्यावर आणली तेव्हा त्याच तारेवर, त्याच संध्याकाळी वीसच्या वर स्थानके दिसू लागली.

माझी रीत अशी आहे. प्रथम अँटेना काढून ठेवावी आणि स्पेक्ट्रमवरील तळपातळी, म्हणजे संकेत नसतानाच्या गोंगाटाची पातळी, किती डेसिबल आहे ते वहीत लिहावे. मग अँटेना जोडून, बँडमध्ये कोणीही बोलत नसलेल्या जागी तीच पातळी पुन्हा पाहावी. ती सुमारे १० डेसिबल वर आली, तर बाहेरचा गोंगाट डोंगलच्या स्वतःच्या गोंगाटाच्या पुरेसा वर गेला असे समजावे. त्यानंतर डोंगलमुळे होणारे नुकसान अर्ध्या डेसिबलहून कमी उरते. याहून गेन वाढवून पदरात पडायचे ते एवढेच, आणि त्याची किंमत म्हणून प्रबळ स्थानके एडीसी भरून टाकतात. गेन एक पायरी वाढवल्यावर तळ त्याहून जास्त वर उसळला, किंवा जिथे काही नसायला हवे तिथे प्रसारणाच्या रेषा उमटल्या, तर मागे यावे. मध्यम लहरींचे केंद्र घराजवळ असेल, तर गेन उतरवूनही भागत नाही. त्या लहरी अडवणारा फिल्टर अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये बसवावा लागतो.

हे मोजमाप अपकन्व्हर्टर, म्हणजे लघुलहरी डोंगलच्या ट्यूनरच्या पट्ट्यात वर उचलणारे उपकरण, वापरणाऱ्यांसाठी आहे. थेट सॅम्पलिंगच्या मार्गात अँटेना सरळ एडीसीला जोडली जाते आणि ट्यूनर (हवी ती कंप्रता निवडून वाढवणारा भाग) बाजूला राहतो, त्यामुळे त्याच्या गेनची पट्टी कितीही हलवली तरी काहीही बदलत नाही, आणि नवखे लोक तासन्‌तास ती हलवत बसतात. या मार्गाला आणखी एक अडचण आहे: डोंगलचे घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचे असल्याने १४.४ मेगाहर्ट्झच्या पलीकडचे संकेत आरशासारखे अलीकडे उमटतात. म्हणजे एफटी८ च्या १४.०७४ मेगाहर्ट्झवर ऐकताना १४.७२६ वरचे काहीतरी मध्ये डोकावू शकते. ७.०७४ वर ऐकताना हीच आरशातली जागा २१.७२६ वर, म्हणजे बरीच दूर असते.

ट्यूनरची एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) मात्र सर्वांनीच बंद ठेवावी. तिच्यासमोर रुंद पट्टा असतो आणि आपल्याला त्यातले ३ किलोहर्ट्झच हवे असतात, त्यामुळे कुठल्या तरी दूरच्या प्रबळ स्थानकासाठी ती आपला गेन खाली ओढते. गोंगाट कमी करणारी सोय मानवी कानासाठी केलेली आहे. डीकोडरला ती घातकच ठरते, तीही बंद. मोड यूएसबी (अप्पर साइडबँड, खाचेचे यूएसबी नव्हे), आणि फिल्टर ३००० हर्ट्झपेक्षा थोडा रुंद. अनेक सॉफ्टवेअरमध्ये तो मुळात २४०० च्या आसपास असतो आणि वरच्या टोकाची स्थानके कापली जातात. आवाज डीकोडरकडे नेताना दोन्ही टोकांना ४८००० हर्ट्झचाच दर ठेवावा.

कंप्रतेबद्दल लोक पीपीएमची (दशलक्षात किती भाग, त्या मापाची) स्थिर चूक फार मनाला लावून घेतात. १ पीपीएम म्हणजे २८ मेगाहर्ट्झवर २८ हर्ट्झ. ऐकण्यापुरते ते चालते. खरे नुकसान होते ते १२.६४ सेकंदांच्या संदेशात कंप्रता सरकत राहिल्याने, कारण एफटी८ चे स्वर एकमेकांपासून ६.२५ हर्ट्झवरच असतात. संध्याकाळी खिडकीतून खारा वारा थेट डोंगलवर येत असेल, तर जागा बदलावी आणि ऐकण्याआधी अर्धा तास तो चालू ठेवावा. संगणकाचे घड्याळही एका सेकंदाच्या आत हवे. वादळात मोबाईलचे नेटवर्क गेले की ते भरकटते, म्हणून मी यूएसबी जीपीएस जोडून ठेवला आहे.

एक प्रयोग आपल्या भागात आपोआप घडतो. पावसाळ्यात वारा सुटला, फांदी तारांवर पडली आणि गावाची वीज गेली, की आभाळात गडगडाट नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर ठेवून तळपातळी पुन्हा पाहावी. माझ्याकडे ती एकदा ८ डेसिबलने खाली आली होती. वीज परतल्यावर घरातील एकेक उपकरण बंद करत गेलो आणि सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर सापडला. तो बदलल्यावर गेन दोन पायऱ्या वाढवावा लागला, कारण बाहेरचा गोंगाटच आता कमी झाला होता. चिपळूणच्या मित्राचा आकडा माझ्यापेक्षा खाली असतो, तो याच कारणाने.

वहीत लिहिलेला तो १० डेसिबलचा फरक मी दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास तो ४ वर आला होता. गेन वाढवण्याचा मोह झाला, पण आधी बाहेरचा कनेक्टर उघडला. आतील तांब्याची जाळी खाऱ्या हवेने हिरवी पडली होती. तेवढी केबल कापून नवा कनेक्टर लावला, वरून रबरी टेप घट्ट गुंडाळली, आणि जुन्याच गेनवर फरक पुन्हा १० दिसला.