हात पुढे करा, बोटं पसरा

पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी अकरा वर्षं सिस्टर आहे. बाळंतपणं, लसी, तापाचे रुग्ण सगळं अंगवळणी पडलंय. दारूचं मात्र कधी कुणी शिकवलं नव्हतं. एखादी बाई रडत आली की मी नवऱ्याला बोलावून रागवायची, पोरांची शपथ घालायची. त्यापुढे आपल्या हातात काही नाही, असंच वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या एका आबांनी आषाढीच्या तोंडावर माळ घातली. रोजची हातभट्टी एका दिवसात बंद. मी घरी जाऊन कौतुक केलं, म्हटलं, आबा, आता एक थेंबसुद्धा नको. दुसऱ्या दिवशी त्यांना आकडी आली. तिसऱ्या दिवशी गोधडीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचायला लागले. बाहेरचं असेल म्हणून घरच्यांनी भगताकडे नेलं. मला कळून जीप केली तोवर उशीर झाला होता. वाटेतच गेले.

म्हणून गेल्या वर्षी व्यसनाच्या उपचारांवरच्या प्रशिक्षणासाठी नावं मागितली, तेव्हा मी सगळ्यांत आधी दिलं. नाशिकला तीन दिवस, जाऊन-येऊन. पहाटेची एसटी, सावळघाट, परत यायला रात्र. पहिला दिवस ओळखी आणि फॉर्ममध्येच गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर तास लिहिले. शेवटच्या घोटानंतर 6 ते 8 तासांत कंप आणि घाम. 48 तासांच्या आत आकडीचा धोका. 48 ते 96 तासांत भ्रम, नसलेलं दिसणं. वहीत ती रेघ उतरवताना मी आबांचे दिवस मोजत होते. सगळे जुळले. चहाच्या सुट्टीत मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ज्याचं शरीर दारूला बांधलं गेलंय, त्याची दारू एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो, आणि त्यावर गोळ्या आहेत. हे गावातल्या प्रत्येक सिस्टरला, प्रत्येक आशाताईला ठाऊक असायला हवं. अशा माणसाला अशक्त म्हणून आपण थेट ग्लुकोज लावतो, तेही चूक. आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व द्यायचं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

मग बोलण्याचा सराव. प्रशिक्षक दारुडा झाले, मी सिस्टर. मी विचारलं, ‘‘दादा, एवढी का पिता?’’ त्यांनी मान फिरवली. ‘का’ विचारलं की माणूस कारणं शोधतो, म्हणाले, पुन्हा विचारा. मी म्हटलं, ‘‘सकाळी उठल्यावर कसं वाटतं, दादा?’’ तेव्हा कुठे हाताच्या थरथरीचं, नातीसमोर कपातला चहा सांडतो त्याचं बोलणं निघालं.

नंतर चार महिने दर पंधरवड्याला फोनवरून आपापला रुग्ण मांडायचा होता. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून तिथेच उभी राहून मांडला.

तो रुग्ण द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाणारा, चाळिशीचा. आधी त्याची बायको आली. ‘‘सिस्टर, दारू सुटायला चहातून द्यायची पावडर आहे का?’’ पूर्वी मीच एखादीला मेडिकलचं नाव सांगितलं असतं. आता समजावलं, मावशी, त्या औषधावर दारू पोटात गेली तर छातीत धडधडतं, बीपी खाली येतं. माणसाला न सांगता ते द्यायचं नाही. त्यांनाच घेऊन या.

दोन दिवसांनी तो आला. दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीत त्याचे 40 पैकी 27 गुण झाले. 20 किंवा त्याहून जास्त झाले की शरीर दारूवर अवलंबून असल्याचा संशय घ्यायचा. ‘‘हात पुढे करा, बोटं पसरा.’’ मी बोटांवर एक कोरा कागद ठेवला. तो वाऱ्यात धरल्यासारखा फडफडला. पूर्वी एकदा दारू सोडताना आकडी आली होती, हे बायकोलाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, आषाढीला माळ घालायची आहे. मी म्हटलं, घाला दादा, पण आधी दवाखाना. त्याच दिवशी मी सोबत जाऊन त्याला नाशिकला दाखल केलं. घरी आल्यावर त्याने माळ घातली. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या बायकोने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिला.

ऑक्टोबर छाटणीच्या हिशेबाच्या दिवशी तो प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कुलूप काढायच्या आधीच, उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसला होता. माळ खिशात होती. मी त्याला आत घेतलं, वही उघडली आणि विचारलं, ‘‘शेवटचा घोट किती वाजता घेतला, दादा?’’