निळं पडलं म्हणजे विष?

उत्तराखंडातल्या कुमाऊं भागात, मुक्तेश्वरच्या बांज ओकच्या जंगलात पावसाची झड थांबली की एक-दोन दिवसांत पालापाचोळा जागोजागी वर उचलला जातो. त्याखाली बऱ्याचदा बोलीट नावाची अळंबी निघतात. टोपी उलटी केली की खाली पापुद्रे दिसत नाहीत, स्पंजासारखी बारीक छिद्रं दिसतात. ही अळंबी ओळखण्याची पहिली खूण तीच. बांज, देवदार, चीड अशा झाडांच्या मुळांशी बोलिटांची भागीदारी असते. आपल्या सह्याद्रीतल्या जांभूळ-अंजनीच्या रानात ती झाडंच नाहीत, म्हणून तिकडे वाढलेल्या माझ्यासारखीला ही अळंबी पहिल्यांदा भेटली ती कुमाऊंतच.

त्या दिवशी वनखात्याच्या परवानगीने आम्ही नमुने गोळा करत होतो. पायवाटेवर गावातली एक आमा भेटली. (कुमाऊंत आजीला आमा म्हणतात.) तिच्या टोपलीत तपकिरी टोप्यांची अळंबी भरलेली होती. "बेटी, कापल्यावर निळं पडतं ते विष," ती म्हणाली. "ती मी फेकली. ही चांगली आहेत."

तिच्या परवानगीने सगळी वर्तमानपत्रावर मांडली. वरून पाहिलं तर एकाच जातीची वाटावीत. उलटी केल्यावर मात्र दोन वाटे झाले. काहींची छिद्रं पांढरी, जून झालेल्यांची हिरवट पिवळी. देठाच्या वरच्या भागावर फिकट, पांढरी जाळी. उरलेल्यांची छिद्रं गुलाबीसर, आणि देठावरची जाळी देठाहून गडद, तपकिरी. पहिली बोलेटस प्रजातीतली, दुसरी टायलोपिलस. कापली तर दोन्ही पांढरीच राहिली. आमाच्या कसोटीला दोन्ही उतरली होती.

गुलाबी छिद्रांच्या टोपीचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा मी जिभेच्या टोकावर ठेवला आणि लगेच थुंकला. कडूजहर! असं एक जरी भाजीत पडलं तरी सगळं पातेलं ओतून द्यावं लागतं. (चव घेण्याचा हा प्रकार घरी करू नये. लाल छिद्रांच्या बोलिटाला किंवा पापुद्रे असलेल्या अनोळखी अळंबीला आम्हीसुद्धा जीभ लावत नाही.)

निळ्या रंगाबद्दल मी आमाला सविस्तर सांगितलं, कारण तोच समज सगळीकडे आहे. गरात व्हेरिगॅटिक आम्लासारखी पिवळी द्रव्यं असतात. काप दिला की हवेतल्या ऑक्सिजनने ती निळी होतात. त्याचा विषाशी संबंध नाही. युरोपातलं निओबोलेटस ल्युरिडिफॉर्मिस क्षणात गडद निळं पडतं, तरी तिथले लोक ते नीट शिजवून खातात. रुब्रोबोलेटस सॅटानसही निळं पडतं, पण ते खाल्ल्यावर उलट्यांनी माणूस बेजार होतो. म्हणून रंग बदलला का, एवढंच विचारून भागत नाही. टोपीत बदलला की देठात, किती वेळात, पुढे लाल किंवा काळा झाला का, हे सगळं तिथल्या तिथे लिहावं लागतं. संध्याकाळपर्यंत ही माहिती नमुन्यातून निघून जाते. देठ बुडापासून उकरून काढायचा तोही यासाठीच. वरून कापून आणलेल्या अळंबीची अर्धी ओळख जमिनीतच राहते.

"मग ही पांढऱ्या छिद्रांची खाऊ ना?" आमाने विचारलं.

मी हो म्हटलं नाही. हिमालयातली कित्येक बोलिटं युरोपातल्या जातींसारखी दिसतात, पण निराळी निघतात. तिकडच्या नावावर इकडचं जेवण ठरवणं मला पटत नाही. "तुझ्या आईने खाल्लेली, तू ओळखतेस तेवढीच ठेव," मी म्हटलं. तिने टोपलीतून ठेंगणी, जाड देठाची तेवढी वेगळी काढली. बाकीची आमच्या पिशवीत आली.

रात्री दोन्हींच्या टोप्या कागदावर पालथ्या घातल्या. सकाळी बोलेटसच्या बीजाणूंचा ठसा ऑलिव्हसारखा तपकिरी उमटला होता, टायलोपिलसचा गुलाबी-तपकिरी. टायलोपिलसची प्रजात पक्की झाली. बोलेटसच्या चिठ्ठीवर जातीची जागा कोरी ठेवून, गराचा तुकडा डीएनए तपासणीसाठी वेगळा भरला.