तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात एटीएममधून पैसे काढावेत का?

सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न मला हमखास येतो, सोसायटीतल्या वहिनींकडून, भाच्यांकडून, कधी ओळखीच्यांच्या ओळखीतून. "ताई, आम्ही थायलंडला चाललोय, आपलं एटीएम कार्ड तिकडे चालतं का, आणि चाललं तर किती कापतात?" मी बरीच वर्षं बँकेत कार्डांच्या तक्रारी बघायचं काम केलंय, परत आल्यावर स्टेटमेंट हातात घेऊन हळहळणारी माणसं समोर बसलेली पाहिलीत, म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच ठेवते.

थोडक्यात सांगायचं तर चालतं, काढा, पण कमी वेळा आणि मोठी रक्कम काढा, खऱ्या बँकेच्या मशीनमधूनच काढा, आणि मशीनने "रुपयांत हिशोब करून देऊ का" असं विचारलं की नाही म्हणा. या शेवटच्या गोष्टीत लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात, त्याबद्दल खाली सविस्तर सांगते.

आधी कापतात किती ते बघू. पैसे तीन ठिकाणी जातात. पहिलं म्हणजे तिथली बँक मशीन वापरायचे पैसे घेते, थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एका वेळचे निदान २२० बाट धरा, तुम्ही हजार काढा नाहीतर वीस हजार, तेवढेच. दुसरं, आपली बँक इथे परदेशी एटीएमचा ठरलेला चार्ज लावते, बऱ्याच बँकांत साधारण १०० ते १५० रुपये अधिक जीएसटी. आणि तिसरा मार्कअप, म्हणजे चलन बदलायचे टक्के, साध्या डेबिट कार्डाला बहुतेक वेळा ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे मिळून ४.१३ टक्के. आता एक बाट पावणेतीन रुपयांना धरा. २,००० बाट काढले तर नुसते २२० बाटच ११ टक्के झाले, वर आपल्या बँकेचे दीडशे आणि मार्कअप मिळवला की १८ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे शंभर रुपयांतले अठरा रुपये हवेत. तेच २०,००० बाट एकदम काढले तर सगळं मिळून साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतं. माणूस तोच, कार्ड तेच, मशीन तेच. रोज संध्याकाळी मार्केटला जाताना थोडे थोडे काढायची आपली इथली सवय तिकडे फार महाग पडते, आणि "जास्त पैसे जवळ नकोत बाई" या भीतीने तसं करणारे लोकच मला जास्त भेटलेत. भीती खरी आहे, पण त्यावर उपाय हॉटेलची तिजोरी आणि दोघांच्या पाकिटात वाटून ठेवणं हा आहे.

पण एकदम काढायचे तर आपल्या कार्डाची रोजची मर्यादा तेवढी हवी, हे निघायच्या आधी बघा. २०,००० बाट म्हणजे पंचावन्न हजार रुपये झाले आणि तुमच्या कार्डाची लिमिट पंचवीस हजारांची असेल तर मशीन नुसतं नाही म्हणणार, कारण सांगणार नाही, आणि तुम्ही समजणार कार्डच बंद पडलं. काही बँका तर नाकारलेल्या व्यवहाराचेही पैसे लावतात, बॅलन्स बघायचेही लावतात, म्हणून बॅलन्स मोबाइल अ‍ॅपवर बघा, तिथल्या मशीनवर नको.

आता ते रुपयांचं. तुम्ही रक्कम टाकता आणि स्क्रीनवर एक पान येतं, त्यात तुमची रक्कम रुपयांत लिहिलेली असते, शेजारी एक दर असतो, आणि खाली दोन बटणं, एक कन्व्हर्जन स्वीकारा आणि एक कन्व्हर्जनशिवाय पुढे जा. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, डीसीसी. दिसायला वाटतं की किती छान, आपल्याच रुपयांत कळतंय. पण तो दर मशीनवाल्याने ठरवलेला असतो आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दरापेक्षा पुष्कळ वाईट असू शकतो. समजा ८ टक्क्यांनी वाईट असेल तर २०,००० बाटवर १,६०० बाट गेले, नुसत्या एका बटणावर. आणि आपल्या काही बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावरही वेगळा चार्ज लावतात, म्हणजे दोन्हीकडून.

मग लोक ते का स्वीकारतात? कारण दुसऱ्या बटणावर बऱ्याचदा इंग्रजीत डिक्लाइन, म्हणजे नाकारा, असं लिहिलेलं असतं आणि सगळ्यांना वाटतं की ते दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, पैसे येणार नाहीत, मागे रांग आहे, रात्र झालीये. म्हणून हे मी सगळ्यांना दोनदा सांगते. डिक्लाइन कन्व्हर्जन दाबलं तरी पैसे येतात. फक्त हिशोब बाटमध्ये होतो आणि रुपयांचा दर तुमच्या कार्डाच्या नेटवर्ककडून लागतो. काही मशीन दुसऱ्यांदा विचारतात, "नक्की का, दर बदलू शकतो" वगैरे घाबरवतात, तेव्हाही नाहीच म्हणायचं. दुकानात, हॉटेलात कार्ड घासताना "आयएनआर (म्हणजे आपले रुपये) की बाट" असं विचारलं तरी उत्तर तिथलंच चलन. युरोपात २०२० पासून नियम आहे की डीसीसी देणाऱ्याने युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त लावतोय ते आधी दाखवायलाच हवं, त्यामुळे तिथे आकडा समोर दिसतो, एकदा वाचून बघा म्हणजे माझं म्हणणं पटेल.

निघायच्या आधीची कामं आता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त भारतात चालेल असंच मिळतं, परदेशातला वापर आपणच अ‍ॅपमधून किंवा नेटबँकिंगमधून चालू करायचा असतो. तिथे एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांची वेगवेगळी बटणं असतात, लोक एकच चालू करतात आणि बँकॉकच्या विमानतळावर उभं राहून मला फोन करतात. दुसरं म्हणजे आपल्याकडे सहकारी बँकांत खाती खूप, त्यांचं रुपे कार्ड बऱ्याचदा भारतापुरतंच असतं, परदेशात चालणारं रुपे वेगळं येतं, ते डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी अशा नेटवर्कवर चालतं. तेव्हा बँकेत जाऊन विचाराच. शाखेतली मुलं सांगतात नीट, विचारायला संकोच करू नका.

आणि दोन कार्डं ठेवा, दोन वेगळ्या बँकांची, आणि ती एकाच पर्समध्ये ठेवू नका. एक अहोंकडे, एक तुमच्याकडे. मोठ्या शिल्लकीच्या खात्याचं कार्ड नेऊच नका, प्रवासासाठी एक वेगळं खातं ठेवा, त्यात लागेल तेवढे टाका, संपले की अ‍ॅपवरून अजून टाका. चोरी झाली तरी मग चोराच्या हातात तेवढंच लागतं.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून न्यायचं कार्ड, चांगलं आहे का, हेही विचारतात. ज्या चलनात कार्ड भरलंय त्याच चलनाच्या देशात जाणार असाल तर चांगलं, डॉलर भरून अमेरिकेत, युरो भरून जर्मनीत. पण डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये वापरलंत तर क्रॉस करन्सीचे, म्हणजे एका परकीय चलनातून दुसऱ्यात बदलायचे, टक्के वेगळे लागतात आणि तो सगळा फायदा जातो. शून्य मार्कअपची डेबिट कार्डंही आता मिळतात, त्यांच्यातही एटीएमचे किती वेळा मोफत आणि पुढे किती, ते बारीक अक्षरात असतं ते वाचा. क्रेडिट कार्डवर मात्र रोख काढू नका हो. दुकानात घासलं तर चालतं, पण रोख काढली की साधारण २.५ टक्के फी आणि त्याच दिवसापासून व्याज, तिथे पंचेचाळीस दिवसांची सवलत नसते. कोणी आजारी पडलं आणि दुसरा मार्गच नसेल तर गोष्ट वेगळी.

रोख नोटाही थोड्या न्याव्यात असं माझं मत आहे. एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात. बँकॉकमध्ये डॉलरच्या शंभराच्या नोटेला छोट्या नोटांपेक्षा चांगला दर मिळतो, आणि सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडताना दिसणाऱ्या काउंटरपेक्षा खाली रेल्वेच्या मजल्यावरच्या चलन बदलणाऱ्यांचा दर चांगला असतो, पाच मिनिटं चालायची तयारी ठेवा. थायलंडपुरतं तर मी म्हणेन की निम्मे नोटांनी आणि निम्मे एटीएमने, हे गणित बरं बसतं.

मशीन कुठलं निवडायचं? बँकेच्या शाखेला लागून असलेलं, शाखा उघडी असताना. कार्ड अडकलं तर आत जाऊन माणसाशी बोलता येतं, रात्री अकराला फुटपाथवरच्या मशीनने कार्ड गिळलं तर बोलणार कोणाशी? पर्यटकांच्या गल्लीत, दारूच्या दुकानाशेजारी, कुठल्याच बँकेचं नाव नसलेली मशीन असतात ती सोडा, युरोपात तर फारच दिसतात, फी जास्त आणि डीसीसीचा आग्रह जास्त. कार्ड घालायच्या खाचेला जरा हलवून बघा, सैल वाटली, वर काही चिकटवलेलं वाटलं तर निघून या. पिन टाकताना दुसऱ्या हाताने की-पॅड पूर्ण झाका, वरून छोटा कॅमेरा लावतात ना तो यानेच आंधळा होतो. बालीत अशा चोऱ्या पुष्कळ झाल्यात. आणि कोणी मदतीला आला, कितीही सभ्य दिसला, अगदी आपल्याकडचा वाटला तरी नको म्हणा, कार्ड काढा, चालू लागा. आणखी एक, काही मशीन आधी पैसे देतात आणि मग कार्ड, आपण पैसे घेऊन वळतो आणि कार्ड तसंच राहतं. पैसे हातात आले तरी कार्ड हातात येईपर्यंत जागचं हलायचं नाही.

देशादेशांत फरक आहे. व्हिएतनाममध्ये बरीच मशीन एका वेळी वीस-तीस लाख डाँगच देतात, म्हणजे फी परत परत, तेव्हा जास्त देणारी बँक शोधा, आणि पाच लाखांची आणि वीस हजारांची नोट दोन्ही निळ्या असतात, टॅक्सीत देताना उजेडात बघून द्या. बालीत मशीनवर ५०,००० किंवा १,००,००० असं लिहिलेलं असतं, ते नोट किती रुपियाची (तिथलं चलन) मिळेल ते सांगतं. जपानमध्ये परदेशी कार्डासाठी सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातलं किंवा पोस्टातलं मशीन सोपं. इंग्लंडमध्ये मुलाकडे चाललेल्या आईबाबांनी फार रोख काढूच नये, बसमध्येसुद्धा कार्ड चालतं, आणि काढायचीच तर बँकेची मशीन फी घेत नाहीत, कोपऱ्यावरच्या दुकानातली घेतात, तसं स्क्रीनवर लिहिलेलं असतं. सिंगापूर, दुबई, मॉरिशस, श्रीलंका इथे काही दुकानांत यूपीआय चालतं, पण परदेशात रोखीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले, असंही होतं. तेव्हा पुन्हा लगेच प्रयत्न करू नका. पावती ठेवा, नसेल आली तर मशीनचा नंबर, जागा आणि वेळ यांचा फोटो काढा, आणि त्याच दिवशी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करा. भारतात अशा वेळी पाच दिवसांत पैसे परत नाहीतर रोजचे शंभर रुपये हा नियम आहे, पण तो देशातल्या व्यवहारांनाच आहे, परदेशातल्याला वेळ लागतो, धीर धरा पण पाठपुरावा सोडू नका. कोणी चोरून पैसे काढले तर मात्र एक तासही थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य धरतात, उशीर केलात की जबाबदारी वाढत जाते. त्यासाठी मेसेज मिळायला हवा, म्हणून भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचे १८०० वाले नंबर बाहेरून बऱ्याचदा लागत नाहीत, +९१ चा नंबर आधीच कागदावर लिहून घ्या, फोनच चोरीला गेला तर कागद उपयोगी पडतो.

परत आलात की त्याच दिवशी अ‍ॅपमधून परदेशी वापर बंद करा. नाणी इकडे कोणी बदलून देत नाही, ती तिथेच विमानतळावर संपवा. नोटा २,००० डॉलरपर्यंतच्या स्वतःजवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बँकेत द्याव्या लागतात. आणि पुढचा महिनाभर स्टेटमेंट बघत राहा, काही चार्जेस मागाहून लागतात. त्यातली एखादी ओळ कळली नाही तर फोटो पाठवा, मी बघून सांगेन.